फॅरेडे कॉलेजला गेला नव्हता, मग मी कशाला जाऊ?

नमस्कार,

तुमचा मुलगा दहावीला 58 टक्के मिळवून पास झालाय, घरचे पंखे-मिक्सर तोच दुरुस्त करतो. आता म्हणतो, 'फॅरेडे कुठे कॉलेजला गेला होता? आयटीआय नको, मी मोटर वाइंडिंगच्या दुकानात बसतो.' त्याला काय सांगावं, असं तुम्ही विचारलंय.

त्याचं अर्धं खरं आहे. विजेवर मूलभूत शोध लावणारा इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे 1791 मध्ये लंडनजवळ एका लोहाराच्या घरी जन्मला. वडील आजारी असायचे, घरी ओढगस्त. शाळा म्हणजे लिहिणं, वाचणं आणि थोडी आकडेमोड. तेराव्या वर्षी तो रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला. पुढच्या वर्षी तिथेच सात वर्षं बुकबाइंडिंग शिकायचा करार झाला.

उरलेलं अर्धं मात्र मुलाला निवांत बसवून सांगा. बांधणीला आलेली पुस्तकं फॅरेडे वाचून काढायचा. 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'तला विजेवरचा लेख त्याला असाच हाती लागला. वाचलेलं खरं का, हे पदरच्या चार पैशांत साहित्य आणून करून बघायचा. 1810 पासून संध्याकाळी विज्ञानाच्या व्याख्यानांना जायला लागला. एका व्याख्यानाची फी एक शिलिंग, आणि ती द्यायचा लोहारकाम करणारा त्याचा भाऊ. मला या सगळ्या गोष्टीत हा भाऊ फार मोठा वाटतो. उपकरणांची चित्रं नीट यावीत म्हणून फॅरेडे चित्रकलाही शिकला. 1812 मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला नामांकित रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. त्याने जवळपास 300 पानांची टिपणं काढली, स्वतः बांधली आणि डेव्हींना पाठवली. मार्च 1813 मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत डेव्हींचा मदतनीस झाला. त्याच वर्षी त्यांच्यासोबत युरोपला गेला. पॅरिसला अँपिअर, मिलानला व्होल्टा हे विजेवर काम करणारे मोठे शास्त्रज्ञ भेटले. दीड वर्षाचा तो प्रवास म्हणजेच त्याचं कॉलेज.

उच्च गणित त्याला शेवटपर्यंत आलं नाही. त्याच्या कल्पना समीकरणांत मांडल्या त्या पुढे मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने. आज गणित सोडून विजेच्या क्षेत्रात फार पुढे जाता येत नाही, हे मुलाला स्पष्ट सांगा.

म्हणून माझं मत असं: आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड घ्या, दोन वर्षांचा आहे. तो पास झाल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. दुकान संध्याकाळी चालू दे, ते तोडू नका. रोज अर्धा तास गणिताला मात्र हवाच.

आणि त्याला एक जाड वही आणून द्या. तारेतून वीज सोडली की ती तार चुंबकाभोवती फिरते हे फॅरेडेने 1821 मध्ये दाखवलं, विजेची मोटर तिथूनच सुरू झाली. तेव्हा पहिलं पान मिक्सरच्या मोटरचंच असू दे: वाइंडिंग कुठे जळलं, मल्टिमीटरने काय दाखवलं, सोबत आकृती. महिनाभराने त्या पानांचे फोटो मला पाठवा.