कोंबड्यांना भाजी द्या, पण टांगून!

कोबीचा अख्खा गड्डा सुतळीने बांधून कोंबड्यांच्या डोक्याच्या जरा वर लटकवा. चोच मारली की तो झुलतो, मग त्या पुन्हा धावतात, तासन्‌तास रमतात. बंदिस्त जागेतल्या कोंबड्या कंटाळल्या की एकमेकींची पिसं उपटतात, म्हणून हा खेळ मला फार मोलाचा वाटतो. काकडी, भोपळा उभा चिरून दिला तरी चालेल, बियांवर तर त्या तुटूनच पडतात.

मात्र मुख्य आहार कोंबडीखाद्यच. भाजीपाला एकूण आहाराच्या १० टक्क्यांच्या आतच ठेवा, नाहीतर अंडी कमी होतात. हिरवट बटाटा, अ‍ॅव्होकॅडो, कच्चे राजमे अजिबात नकोत. कोंबडीला दात नसतात, गिळलेल्या खड्यांनीच पोटात अन्न दळलं जातं, तेव्हा बारीक खडे कायम समोर असू द्या. उरलेलं संध्याकाळी उचला, उंदीर येतात.