कॅज्युअल्टीतलं रक्त आणि केमिस्ट्रीची पदवी

प्रश्न: मी संगमनेरला बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नीट दोनदा दिली, मेडिकल हुकलं. ऑस्ट्रेलियात इमर्जन्सीत आलेल्या रुग्णांच्या रक्तावरून बाजारात कोणतं नवं ड्रग आलंय ते शोधतात, असं वाचलं. डॉक्टर न होता हे काम करता येईल का? आई म्हणते, गर्दुल्ल्यांच्या रक्तात कशाला आयुष्य घालवतोस?

उत्तर: आधी आईसाठी एक घटना सांगतो. जानेवारी २०१८ मध्ये पर्थ शहरात नऊ तरुण मुलामुलींनी कोकेन समजून पांढरी पावडर ओढली आणि सगळेच्या सगळे हॉस्पिटलात पोचले. ती पावडर कोकेन नव्हती, हायोसिन होती. आपल्या धोतऱ्यात असतं तेच विष. बाहुल्या दोन्हींनी मोठ्या होतात, छाती दोन्हींनी धडधडते. पण कोकेनने घाम फुटतो, हायोसिनने अंग कोरडं ठक्क पडतं, लघवी अडते, माणूस हवेत काहीतरी वेचत बडबडतो. धोतऱ्याची बाधा पाहिलेली एखादी आजी हे वर्णन ऐकून लगेच ओळखेल. पण शहरातल्या हॉस्पिटलात रात्री दोन वाजता समोर आलेल्या मुलाने ‘कोकेन घेतलं’ असंच सांगितलेलं असतं, कारण त्यालाही तेच वाटत असतं. त्याच्या अंगात खरोखर काय गेलं, याचं उत्तर फक्त रक्त देतं. आईला सांग, ही मुलं कुणाच्याही घरातली असू शकतात. त्यांना ‘गर्दुल्ले’ म्हणून बाजूला सारलं की पुढच्या मुलाला वाचवायची माहितीही बाजूला पडते.

तू वाचलेलं काम बहुधा ‘एडना’चं, म्हणजे इमर्जिंग ड्रग्ज नेटवर्क ऑफ ऑस्ट्रेलियाचं असावं. युरोपात २०१३ पासून ‘यूरो-डेन’ चालतं, पण तिथे मुख्यतः केसपेपरवरच्या नोंदी जमवतात. एडनाचं वेगळेपण हे की डॉक्टरांनी टिपलेली लक्षणं आणि फॉरेन्सिक लॅबचा रक्ताचा रिपोर्ट ते शेजारी शेजारी ठेवतात. रुग्णाने काय घेतल्याचं सांगितलं आणि रक्तात काय निघालं, यातली तफावत हाच धोक्याचा इशारा.

आणि इथे डॉक्टर थांबतो, केमिस्ट सुरू होतो. वॉर्डातली लघवीची पट्टी ज्या ड्रगसाठी बनवलेली असते तेवढंच ओळखते. नायटाझिनचं उदाहरण बघ. अफूसारखाच परिणाम करणारा, १९५० च्या दशकात औषध म्हणून शोधलेला हा कृत्रिम रसायनांचा गट. कधी बाजारात औषध म्हणून आला नाही, आणि २०१९ च्या सुमारास थेट ड्रगच्या धंद्यात उगवला. अफूची पट्टी त्याला पकडत नाही. रुग्णाचा श्वास मंदावलेला, बाहुल्या टाचणीएवढ्या, आणि पट्टी निगेटिव्ह! नॅलोक्सोन या उताऱ्याने श्वास परत येतो, पण उताऱ्याचा असर लवकर ओसरतो, म्हणून नजर हटवून चालत नाही. अशा वेळी लागतं ते हाय-रिझोल्यूशन मास स्पेक्ट्रोमीटर आणि त्याचे ग्राफ वाचणारा माणूस. रेणूचं वस्तुमान चार दशांश स्थळांपर्यंत मोजायचं, तुकडे कसे पडले ते बघायचं आणि पूर्वी न पाहिलेल्या रेणूची रचना ओळखायची. हे तुझ्याच विषयाचं काम आहे. मेडिकल हुकल्याची भरपाई म्हणून याकडे बघू नकोस.

रस्ता सांगतो. अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री किंवा फॉरेन्सिक सायन्समध्ये एम.एस्सी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचा कॅम्पस गोव्यातही आहे. माझा कल अ‍ॅनालिटिकलकडे. फॉरेन्सिकमध्ये बोटांच्या ठशांपासून हस्ताक्षरापर्यंत सगळं थोडं थोडं येतं, तुला एकच गोष्ट खोलवर हवी आहे. आकड्यांची आवड असेल तर मुंबईत देवनारच्या आयआयपीएसमध्ये, म्हणजे लोकसंख्या विज्ञान संस्थेत, बायोस्टॅटिस्टिक्स बघ. कुठल्या महिन्यात काय वाढलं हे सांगणारा माणूसही या साखळीत लागतोच.

आता न आवडणारा भाग. हे प्रकल्प अनुदानावर चालतात. इमर्जन्सीतल्या ड्रगच्या केसेस नोंदवणारं अमेरिकेचं ‘डॉन’ (ड्रग अब्यूज वॉर्निंग नेटवर्क) १९७० च्या दशकापासून चाललं, २०११ मध्ये बंद पडलं, काही वर्षांनी पुन्हा उभं करावं लागलं. त्यामुळे एखाद्या प्रकल्पाच्या नावावर करिअर बांधू नकोस, यंत्र चालवण्याच्या कौशल्यावर बांध. परदेशातल्या सरकारी लॅबच्या जाहिरातीत नागरिकत्वाची अट आधी वाच.

आपल्याकडे कॅज्युअल्टीत विषबाधेची केस आली की एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस, होते, जठर धुतल्याचं पाणी आणि रक्त सील होऊन पोलिसांमार्फत फॉरेन्सिक लॅबला जातं. तो रिपोर्ट कोर्टासाठी असतो. तो येतो तेव्हा रुग्ण कधीच घरी गेलेला असतो, नाहीतर नसतोच. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं २०१५ मध्ये. मुंबईत ते त्याआधीच विकलं जात होतं. त्या मधल्या काळात ते सगळ्यात आधी कॅज्युअल्टीच्या खाटेवर दिसत होतं. मुंबईत कलिन्याच्या सरकारी फॉरेन्सिक लॅबमध्ये वैज्ञानिक सहायक म्हणून लागलास, तरी रक्ताच्या त्याच नळ्या तुझ्या हातात असतील. मला ती जागा ऑस्ट्रेलियातल्या कामापेक्षा कमी वाटत नाही.

एम.एस्सी.ला प्रवेश घेण्याआधी तिथल्या सीनिअरला गाठून एकच विचार: एलसी-एमएस (नमुन्यातले घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र) तुम्ही स्वतः चालवलं, की काचेपलीकडून पाहिलं?