आजोबांच्या ट्रंकेतलं सार्डिनियाचं नाणं

प्रश्न : आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, १९४४ साली इटलीत लढले. १९८१ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. त्यांच्या ट्रंकेत सोन्याचं नाणं मिळालं : इटलीतल्या सार्डिनिया राज्याचा राजा कार्लो फेलिचे, ८० लिरे, १८२७. माझा धाकटा मुलगा मिलानला असतो. तो म्हणतो, खिशात घालून नेतो, तिथे लिलावात चांगला भाव येईल; नाणं इटलीचंच तर आहे. इकडे आत्या हिस्सा मागते आहे. काय करावं?

उत्तर : आधी मुलाला फोन करा आणि थांबवा.

'नाणं इटलीचंच आहे' हे ऐकायला बरं वाटतं, पण १९७२ चा पुराणवस्तू कायदा नाणं कोणत्या देशाचं हे विचारत नाही, वय विचारतो. शंभर वर्षांहून जुनं नाणं म्हणजे पुराणवस्तू. कलम ३ नुसार अशी वस्तू परदेशी पाठवणं केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्था सोडून कोणालाही करता येत नाही. विमानतळावर पकडलं तर नाणं जाईलच, शिवाय कलम २५ खाली किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. दोन तोळ्यांसाठी मुलाच्या पासपोर्टाशी कशाला खेळता?

देशात विकायला मात्र आडकाठी नाही. पुराणवस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. घरातली एखादी वस्तू विकणं म्हणजे व्यापार नव्हे. परवानाधारक व्यापारी किंवा लिलावदार गाठा, रीतसर पावती घ्या. सराफाकडे मोडीत नेऊ नका. नाणं २५.८ ग्रॅमचं, त्यात ९० टक्के सोनं. सराफ तेवढ्याचेच पैसे देईल. संग्राहक टांकसाळ पाहतो : गरुडाचं डोकं असेल तर तुरिन, जहाजाचा नांगर असेल तर जेनोआ. घासूनपुसून चकचकीत तर मुळीच करू नका.

ट्रंकेत मिळालं हे नशीब. वाड्याच्या भिंतीत सापडलं असतं तर १८७८ च्या निखात निधी (म्हणजे पुरलेलं गुप्तधन) कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागलं असतं. म्हणून आजोबांचं सैन्यातलं सेवापुस्तक जपून ठेवा. नाणं घरात कसं आलं, हे त्यावरूनच पटवता येईल.

आत्यांचं म्हणणं बरोबर आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आजोबांच्या स्वकष्टार्जित वस्तूत मुलीचा वाटा मुलाइतकाच. लग्नात दिलंघेतलं, हा युक्तिवाद कोर्टात टिकत नाही. विकण्याआधी सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या, आणि पहिली सही आत्यांची.