पडदा कुठपर्यंत लावलाय?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग आहे, केमोथेरपी सुरू आहे. त्याच्या वॉर्डाला लागून भिंत पाडण्याचं काम चाललंय. मध्ये प्लॅस्टिकचा पडदा लावलाय. धुळीचं बोलले, तर ‘दार लावून घ्या’ म्हणाले. मी उगाच घाबरतेय का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, तुमची काळजी अगदी रास्त आहे. संसर्ग नियंत्रण परिचारिका म्हणून मी हेच काम केलं. जुन्या बांधकामाच्या धुळीत अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू असतात, जेमतेम 2-3 मायक्रॉनचे. ते तासन्‌तास हवेत तरंगतात. धडधाकट माणसाच्या पांढऱ्या पेशी त्यांचा निकाल लावतात. केमोनंतर न्यूट्रोफिल, म्हणजे बुरशीशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे 500 च्या खाली गेल्या, की फुप्फुसात बुरशी वाढायला मोकळं रान मिळतं.

एकदा सकाळच्या राउंडला मी सलाइनच्या स्टँडवरून बोट फिरवलं, तर बोट पांढरं झालं. प्लॅस्टिक तर कडेकडेने टेप मारून नीट लावलं होतं, पण फॉल्स सीलिंगपर्यंतच! वरच्या पोकळीतून, जिथून वायरी जातात तिथून, धूळ सरळ वॉर्डात येत होती. मी काम थांबवायला लावलं. मुकादम चिडला, चिडू दे. आडोसा खऱ्या स्लॅबला भिडलाच पाहिजे.

आता तुम्ही एक करा. काम चालू असताना तिथल्या दाराच्या फटीशी टिश्यू पेपरची पट्टी धरा. ती कामाच्या बाजूला ओढली गेली पाहिजे. कामाच्या जागेतली हवा मशीनने हेपा फिल्टरमधून, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणाऱ्या गाळणीतून, बाहेर काढत असतील, तर तसं होतं. पट्टी तुमच्याकडे फडफडली, तर लगेच संसर्ग नियंत्रण सिस्टरना गाठा आणि भावाची खोली बदलून मागा, लेखी मागा. राडारोडा झाकूनच न्यायला हवा, रुग्णांच्या लिफ्टमधून तर नाहीच. वॉर्डात कोरडा झाडू नको, ओलं पुसायला सांगा. भावाला तपासणीसाठी बाहेर नेताना एन-95 मास्क चालेल का, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि अँटिबायोटिक देऊनही ताप उतरत नसेल, खोकला किंवा छातीत दुखणं असेल, तर शेजारी भिंत पाडली हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. छातीचा सीटी स्कॅन कधी करायचा, हे ठरवताना त्यांना ते कळलेलं असलं पाहिजे.