ताप नेमका कधी आला?

प्रश्न : माझ्या तेरा वर्षांच्या मुलाला सोमवारी संध्याकाळी एकदम १०३ ताप भरला. बुधवारी सकाळी डेंग्यूची अँटिबॉडी टेस्ट केली. आयजीएम आणि आयजीजी दोन्ही निगेटिव्ह. आम्ही निर्धास्त झालो, अंग दुखतं म्हणून घरातली आयब्युप्रोफेनची गोळीही दिली. रविवारी पुन्हा तपासलं तर आयजीएम पॉझिटिव्ह! आता तो बरा आहे, पण पहिला रिपोर्ट चुकला होता का? सोबत सासूबाईंचंही रक्त दिलं होतं. त्यांना काही त्रास नाही, तरी आयजीजी पॉझिटिव्ह आलं. त्यांना औषध लागेल का?
– एक वाचक, धायरी

उत्तर : लेकरू बरं आहे हे वाचून हायसं वाटलं. लॅबचं काही चुकलेलं दिसत नाही. आयजीएम आणि आयजीजी या विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी; आयजीएम ताज्या संसर्गाची खूण, आयजीजी बहुधा जुन्या. आयजीएम रक्तात दिसायला लागतं ते साधारण तापाच्या चौथ्या-पाचव्या दिवसापासून. बुधवारी सकाळी तर दोन दिवसही पुरे झाले नव्हते. तेव्हा एनएस-१ ही टेस्ट करायला हवी होती. त्यात विषाणूचंच प्रथिन सापडतं, अगदी पहिल्या दिवसापासून; पाचव्या दिवसानंतर मात्र ते सापडण्याची शक्यता कमी होत जाते.

माझ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये पावसाळ्यात आम्ही आधी विचारतो, ‘ताप कधीपासून?’ ‘झाले असतील तीन-चार दिवस,’ असं उत्तर आलं की मी अडते. कसब्यातल्या एका आजींना तारीख आठवेना, पण ‘गौरी जेवल्या त्या रात्री अंग कसकसलं’ हे पक्कं ठाऊक होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजलं, सहावा दिवस निघाला. आयजीएमच केली आणि निदान झालं. तेव्हा ताप आल्याची तारीख आणि वेळ कागदावर लिहाच.

अँटिबॉडी टेस्ट शक्यतो एलायझा पद्धतीने, म्हणजे लॅबमध्ये रंगाच्या तीव्रतेवरून अँटिबॉडी मोजणाऱ्या तपासणीने करा. झटपट कार्डावर एकटं विसंबू नका. सरकारी रुग्णालयांत वापरायचे आयजीएम एलायझा किट आपल्या पुण्यातल्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तयार होतात. डासांमुळेच पसरणाऱ्या झिका विषाणूच्या अँटिबॉडीही या टेस्टला फसवू शकतात. २०२४ मध्ये एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडले होते, म्हणून रिपोर्ट डॉक्टरांनी लक्षणांसोबतच वाचायला हवा.

सासूबाईंना औषध नको. त्यांना पूर्वी कधीतरी, कदाचित नकळत, डेंग्यू होऊन गेला असावा. आयजीजी वर्षानुवर्षं राहतं. मात्र डेंग्यूचे चार प्रकार आहेत आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराने गाठलं तर आजार जास्त जड जाऊ शकतो. अशा वेळी आयजीजी लवकर चढतं आणि आयजीएम फिकं राहतं, कधी दिसतही नाही. त्यांना ताप आला तर हा रिपोर्ट डॉक्टरांना जरूर दाखवा.

आणि ताई, ती गोळी. डेंग्यूची शंका असताना आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन देऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टर सांगतील तेवढं पॅरासिटामॉलच. ताप उतरतो तेच दिवस जपायचे असतात. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं, यातलं काहीही दिसलं तर रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठा.