वाचकांचे प्रश्न : गिगाहर्ट्झचा आकडा बघून प्रोसेसर घेऊ नका

प्रश्न : नमस्कार सर. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळ राहतो, टॉवेल आणि चादरीची जॅकार्ड (विणतानाच उमटणारी नक्षी) डिझाईन काढून देतो. आधी कारखान्यात बसून करायचो, आता घरूनच करायलोय. जुना कॉम्प्युटर लई स्लो झालाय, फोटोशॉपमध्ये मोठं स्कॅन उघडलं की हँग. नवी पेठेतल्या दोन दुकानांतनं कोटेशन आणलंय. एकात रायझन ५ ५६००जी, दुसऱ्यात इंटेल आय५-१२४००, दुसरं अडीच हजारानं महाग. पहिला दुकानदार म्हणायलाय की रायझन ३.९ गिगाहर्ट्झचा आणि इंटेल फक्त २.५ चा, मग जादा पैसे देऊन कमी स्पीड कशाला घेता. दोन्हीत ८ जीबीची एकच रॅम आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणं आत्ता जमणार नाही. मुलगा बारावीला आहे, तो कधीमधी गेम खेळणार. काय घेऊ?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमच्या कामाला १२४०० चांगला, पण ८ जीबी रॅमवर अजिबात घेऊ नका, आणि या दोन गोष्टींतली एकच परवडत असेल तर रॅम आधी. का ते सांगतो, कारण उद्या दुसरा दुकानदार तिसराच आकडा पुढे करेल.

३.९ आणि २.५ हे दोन्ही आकडे खरे आहेत, खोटं काही सांगितलेलं नाही, फक्त ते बेस क्लॉकचे आहेत, म्हणजे ठरलेल्या वीज-मर्यादेत सतत चालवला तरी प्रोसेसर निदान एवढा वेग देईल असा. काम पडलं की दोघंही वर जातात आणि दोघांचाही वरचा आकडा ४.४ च आहे. १२४०० चे सहाच्या सहा कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) एकदम कामाला लागले तरी तो ४ गिगाहर्ट्झपर्यंत पळतो, फक्त तेव्हा वीज ६५ वॅटवर थांबत नाही, ११७ पर्यंत जाऊ शकते. म्हणजे २.५ हा आकडा तुम्हाला रोजच्या कामात बहुतेक दिसणारच नाही.

दुसरं, गिगाहर्ट्झ म्हणजे मागाचा आरपीएम समजा. तुम्ही मागावर वाढलेली माणसं, तुम्हाला हे सांगायलाच नको, एका मागाचा पन्हा (कापडाची रुंदी) लहान आहे, दुसऱ्याचा आरपीएम तेवढाच पण पन्ह्यात शेजारी शेजारी जादा टॉवेल निघतात, तर संध्याकाळी माल कुणाचा जास्त भरेल? प्रोसेसरमध्ये पण एका ठोक्यात किती काम उरकतं ते डिझाईनवर ठरतं. ५६००जी २०२१ चा, झेन ३ डिझाईनचा, कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) १६ एमबी. १२४०० जानेवारी २०२२ चा, कॅश १८ एमबी, आणि एका ठोक्यात काम जास्त. दोघांनाही ६ कोअर आणि १२ थ्रेडच (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा), पण फोटोशॉप, कोरलड्रॉ यांतली बरीच कामं एका कोअरवरच रेटली जातात, तिथं इंटेल पुढे राहतो. फरक जाणवण्याइतका आहे, पण रात्र-दिवसाचा नाही, हेही सांगतो.

आता खरी गोष्ट. तुमचा कॉम्प्युटर हँग कशानं होतो? जॅकार्डची फाईल तशी लहानच असते हो. २६८८ हुक (उभे धागे उचलणारे) आणि ४००० पिक (आडवे धागे) धरले तरी १ कोटी ७ लाख चौकटी, एका चौकटीला एक बाईट म्हटलं तर १० एमबीच्या आसपास. जड असतं ते त्याच्या आधीचं स्कॅन. ए-४ कागद ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की साडेतीन कोटी पिक्सेल होतात, रंगीत असेल तर उघडल्यावर १०० एमबीच्या वर, आणि हे झालं एका लेयरचं. तुम्ही किनार वेगळी, बुट्टा वेगळा, मधली नक्षी वेगळी ठेवून दहा लेयर केले की एक जीबी गेलं, वर अनडूच्या पायऱ्या, वर विंडोज, वर ब्राउझर, आणि त्या ८ जीबीतूनच प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आपला वाटा काढून घेणार. रॅम भरली की कॉम्प्युटर डिस्कवर लिहायला लागतो आणि तुम्ही माऊस धरून बसता, तिथं कुठलाच प्रोसेसर काही करू शकत नाही.

म्हणून ८-८ च्या दोन स्टिक घ्या. १६ ची एक नको, दोनच. डीडीआर४-३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन लावल्या की ५१.२. आणि हे मुलाच्या गेमसाठी तर फारच महत्त्वाचं, कारण आतलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं. गेममध्ये मात्र ५६००जी चं वेगा ७ ग्राफिक्स १२४०० च्या यूएचडी ७३० पेक्षा बरंच पुढे आहे. घरात गेम हेच मुख्य काम असतं तर मी डोळे झाकून ५६००जी म्हणालो असतो. पण मशीन तुमच्या पोटापाण्याचं आहे. तरीसुद्धा हिशोब असा पडत असेल की अडीच हजार एकतर इंटेलला जातील नाहीतर दुसऱ्या स्टिकला, तर बिनधास्त ५६००जी आणि १६ जीबी घ्या. ८ जीबीवरच्या १२४०० पेक्षा तुमचं काम त्यावर सुखानं होईल.

बिल करताना बघायचं ते असं. १२४०० च्या मागे एफ नको, १२४००एफ मध्ये ग्राफिक्सच नसतं आणि कार्ड नसेल तर स्क्रीन काळीच राहते. ५६००जी मधला जी तसाच महत्त्वाचा, नुसत्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही. ५६००जी जुन्या बी४५० मदरबोर्डावर देत असतील तर बायोस (बोर्डातलं, कॉम्प्युटर चालू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट करून चालू केलेला दाखवा म्हणा. ट्रे प्रोसेसर (बॉक्सशिवाय सुटा येणारा) नको, बॉक्सवाला घ्या, त्यात पंखा येतो आणि कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी असते. आणि तुमच्या डिझाईन सॉफ्टवेअरला डोंगल (लायसन्ससाठी यूएसबीला लावायची किल्ली) असेल तर ते नवीन विंडोजवर चालतं का हे पैसे द्यायच्या आधी विचारून घ्या, पुष्कळजण इथंच अडकतात.

एक अजून, मनापासून. मागे एका टॉवेल कारखान्यातला असाच स्लो झालेला कॉम्प्युटर मी उघडला होता. पंख्याखालच्या जाळीत सुताच्या बारीक तंतूंचा असा थर बसलेला की बोटानं उचलला तर वाकळेच्या तुकड्यासारखा अख्खा निघाला. हवाच जात नव्हती, प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करत होता. थर काढला आणि मशीन पूर्वीसारखं चालायला लागलं, नवीन घ्यायची गरजच पडली नाही. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये बाहेरच ४२ च्या पुढे जातंय, त्यात १२४०० ची तापण्याची हद्द १०० अंश आणि ५६००जी ची ९५. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, महिन्या-दोन महिन्यांनी ब्रश मारा. आणि शेजारी माग असतील तर यूपीएस पाहिजेच, रात्रभर केलेलं डिझाईन एका झटक्यात जाऊ देऊ नका.

प्रश्न : सात रस्त्याजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सेकंडहँड आय५-४५७० स्वस्तात मिळतोय, नवीन आय३-१२१०० त्याच्या दुप्पट पडतोय. आय५ म्हणजे आय३ पेक्षा भारीच ना?
– एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : नाही ताई, आय३, आय५ हे त्या त्या पिढीतले नंबर, पिढी बदलली की तुलना संपली. ४५७० हा २०१३ चा, ४ कोअर ४ थ्रेड. १२१०० चे पण कोअर ४ च, पण थ्रेड ८, आणि एकेक कोअर कितीतरी वेगवान. वीजही त्या मानानं कमी खातो. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे ४५७० ला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट बंद. तुमच्याकडं लोक आधार, पासबुक घेऊन येतात, विश्वासानं ओटीपी सांगतात. नवीन आय३ च घ्या, एसएसडीसकट (हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क). तो जुना स्वस्त म्हणून घेतलातच तर नुसत्या झेरॉक्स-प्रिंटला ठेवा, लोकांचं लॉगिन त्यावर करू नका.