उडी शिकवण्याआधी उतरणं शिकव

अनेक आशीर्वाद.

१४ आणि १६ वर्षांखालच्या मुलींचे बास्केटबॉलचे दोन्ही संघ तुझ्याकडे आले, फार छान झालं. शाळेने दिलेल्या पैशांतून सगळ्यांना नी-कॅप घ्यावेत का, असं तू विचारलं आहेस. नको घेऊस. लवचिक नी-कॅपने गुडघ्याला ऊब मिळते, आधार असल्यासारखं वाटतं; पण लिगामेंट, म्हणजे सांध्यात हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, तुटायचं त्याने थांबत नाही. पैसे कुठे लावायचे ते पुढे येईलच.

ले-अप, म्हणजे धावत येऊन बास्केटजवळ उडी मारून टाकायचा शॉट, शिकवताना तू पावलं मोजून घेतेस, मनगट कसं वळतंय ते बघतेस. उडीनंतर जमिनीवर येणं मात्र सहसा कुणी शिकवत नाही, ते आपोआप येतं असं धरून चालतो. दुखापती नेमक्या तिथेच होतात. रिबाउंडला, म्हणजे बास्केटवरून परत आलेल्या चेंडूसाठी, उडालेली मुलगी खाली येताना दुसरीच्या बुटावर येते. हवेत बोटं खाली झुकलेली असतात आणि त्या स्थितीत घोटा सर्वांत सैल असतो. तळवा आत वळतो, बाहेरच्या बाजूची लिगामेंट ताणली जातात, कधी फाटतात. गुडघ्याचं वेगळं आहे. डॉक्टर ज्याला एसीएल म्हणतात ते सांध्याच्या आतलं लिगामेंट बहुतेक वेळा थेट गुडघ्यावर धक्का न बसताच तुटतं. धावता धावता एकदम थांबणं, दिशा बदलणं, एका पायावर उतरणं, हे त्याचे क्षण. गुडघा जवळजवळ सरळ असतो आणि आतल्या बाजूला कोसळतो. वयात आलेल्या मुलींमध्ये याचं प्रमाण मुलांच्या दुपटी-तिपटीने आहे.

सोमवारी पहिलं काम हे कर. फूटभर उंचीचा बाक किंवा पायरी घे. मोबाइल समोर तीन मीटरवर, गुडघ्याच्या उंचीला टेकवून ठेव आणि स्लो मोशन लाव. प्रत्येकीने बाकावरून दोन्ही पायांवर खाली यायचं आणि लगेच जमेल तितकी उंच उडी मारायची. असं तीनदा. मग व्हिडिओ थांबवत थांबवत बघ. गुडघे सर्वांत जास्त वाकलेले असतात तिथे वाटी कुठे आहे? ती पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवी. दोन गुडघ्यांमधलं अंतर घोट्यांमधल्या अंतरापेक्षा कमी झालं असेल, तर त्या मुलीचं नाव वहीत वेगळं लिही. नुसतं ऐकूनही पुष्कळ कळतं. सिमेंटच्या कोर्टवर ‘धप्प’ आवाज आला, म्हणजे गुडघे पुरेसे वाकलेच नाहीत. पण एक ध्यानात ठेव, कुणाला दुखापत होणार हे या चाचणीवरून ठरत नाही. कुणाला काय शिकवायचं, तेवढं दिसतं. तेव्हा ‘तुझे गुडघे वाईट आहेत’ असं कुणाही मुलीला म्हणू नकोस.

दुरुस्त करताना ‘गुडघा आत नेऊ नकोस’ असं ओरडून फारसा उपयोग होत नाही. मुलगी गुडघ्याकडे बघत बसते आणि अंग ताठ करते. ‘आवाज न करता उतर’ असं सांग. ‘मागे पाट मांडलाय, त्यावर बसायला निघाल्यासारखी कंबर मागे जाऊ दे’ असं सांग. चवडे आधी टेकतात, मग टाच, आणि घोटा, गुडघा, कंबर तिन्ही ठिकाणी वाकून धक्का वाटून घेतला जातो.

आता वॉर्मअप. कोर्टला दोन फेऱ्या आणि उभ्या उभ्या थोडं स्ट्रेचिंग, एवढ्याने या दुखापती टळत नाहीत. रोज दहा ते पंधरा मिनिटं लागतील. दोन मिनिटं पुढे, मागे आणि आडवं धावणं. मग १० स्क्वॉट, प्रत्येक पायाने ८ लंज (एक पाय लांब पुढे टाकून गुडघे वाकवणं), ३० सेकंद प्लँक (कोपरं आणि चवड्यांवर अंग सरळ धरणं). त्यानंतर जोडीने एका पायावर उभं राहून ३० सेकंद एकमेकींना चेंडू पास करायचा. गुडघा किंचित वाकलेला हवा, ताठ नको. मग नॉर्डिक: एक जण गुडघ्यांवर उभी, दुसरी तिचे घोटे दाबून धरते, पहिली पाठ सरळ ठेवून सावकाश पुढे झुकते आणि तोल सुटला की हातांवर येते. यात मांडीमागचे स्नायू कामाला लागतात; तेच नडगीला पुढे सरकण्यापासून रोखतात आणि एसीएलचा भार हलका करतात. पहिल्या आठवड्यात ३ वेळाच कर. उत्साहाने १० केलेस, तर दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून येतील की मुली त्या व्यायामाचं नाव काढू देणार नाहीत.

शेवटी उड्या. दोन्ही पायांवर ५, प्रत्येक वेळी उतरून तीन अंक मोजेपर्यंत स्तब्ध. मग एका पायावर पुढे आणि बाजूला. इथे लंगडी कामाला येते. आपल्या मुलींना ती लहानपणापासून येते, फक्त सलग घालायची नाही. एक उडी, थांबा, मग पुढची. डोलल्याशिवाय थांबता आलं की जोडीदारणीने हवेत असताना खांद्याला हलका धक्का द्यायचा, कारण सामन्यात कुणी मोकळं उतरू देत नाही. आणि धावत येऊन एका लांब पावलात न थांबता तीन छोट्या पावलांत थांबायला शिकव.

कॅनडात कॅल्गरीच्या शाळकरी बास्केटबॉल खेळाडूंवर अशा वॉर्मअपची तपासणी झाली, तेव्हा घोटा-गुडघ्याच्या दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळल्या. हा फायदा नियमाने करणाऱ्यांनाच मिळतो. बिघडतं ते असं: तीन आठवडे सगळं नीट चालतं, मग जिल्हा स्पर्धा जवळ येते आणि ‘आज वेळ नाही, डावपेच बघू’ म्हणून नेमकी हीच दहा मिनिटं कापली जातात. किंवा मुली गप्पा मारत उड्या उरकतात आणि प्रशिक्षक फोनवर असतो. चुकीचं उतरणं रोज ५० वेळा घोटलं, तर तेच पक्कं होतं. तू समोर उभी राहा.

पैसे लेस-अप अँकल ब्रेसवर, म्हणजे घोट्याला नाडीने आवळून बांधायच्या आधारपट्ट्यावर, खर्च कर. विस्कॉन्सिनमधल्या शाळकरी बास्केटबॉल खेळाडूंच्या २०११ च्या अभ्यासात ब्रेस घालणाऱ्यांच्या घोट्याच्या दुखापती जवळपास एक तृतीयांशावर आल्या. गुडघ्याच्या दुखापतींत फरक पडला नाही. आधी ज्यांचा घोटा मुरगळला आहे त्यांना पहिल्यांदा दे, कारण एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचा धोका जास्त. धावण्याचे उंच टाचेचे बूट कोर्टवर नकोत, तळवा गुळगुळीत झालेले तर नकोतच. पावसाळ्यात कडेचं शेवाळ घासून घे, रोज धूळ झाडून घे.

वयात येताना झपाट्याने उंची वाढते तेव्हा काही मुलींना वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दाबलं की दुखतं, तिथे टेंगूळही येतं. ते सोंग नसतं. वाढत्या हाडावर स्नायूबंध ओढ देत असतो. अशा मुलीच्या उड्या काही आठवडे कमी कर, शूटिंग आणि पासिंग चालू ठेव. शाळा आणि क्लब दोन्हीकडे खेळणाऱ्या मुलींचे आठवड्याचे तास लिहून ठेव. ते तिच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी.

घोटा मुरगळलाच, तर कुणाला ओढून ‘बसवू’ देऊ नकोस, तेल लावून चोळूही देऊ नकोस. आतली सूज आणि रक्तस्राव वाढतो. क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच, कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं. आंबेहळदीचा लेप घरच्यांनी लावला तर हरकत नाही, पण तो एक्स-रेऐवजी नको. चार पावलं टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबून दुखत असेल, तर त्याच दिवशी एक्स-रे. गुडघ्यात ‘कट्’ झालं आणि काही तासांत सूज आली, तर अस्थिरोगतज्ज्ञ, आणि तोवर खेळ बंद.

परत घेताना तारीख बघू नकोस, पाय बघ. दुखावलेल्या एका पायावर २० वेळा टाच उचलणं, ३० सेकंद स्थिर उभं राहणं, दुखऱ्या पायाने दुसऱ्याइतकीच लांब लंगडी उडी, आणि वेगात वळून थांबणं. हे सगळं वेदनेशिवाय जमलं की आधी सराव, मग सामना. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र हे सगळं जमलं तरी नऊ महिन्यांच्या आत सामना नाही, पालकांनी कितीही आग्रह केला तरी.

सोमवारच्या व्हिडिओंना तारीख घालून ठेव. आठ आठवड्यांनी त्याच बाकावरून पुन्हा घे आणि दोन्ही शेजारी लावून मुलींनाच दाखव.